मामांनी राखून ठेवलेली मात्रा

आमच्या ऑर्केस्ट्राच्या गाडीत अंताक्षरीला बंदी होती, आणि ती एका माणसामुळे होती. 'म' आला की बाकीचे लोक सरळ मुखडा म्हणायचे. मामा मात्र डोळे मिटून, हनुवटी छातीला टेकवून घशातून "डूं... डूं-डुडूं... डूं" असं काहीतरी काढायचे आणि मग डोळे उघडून आमच्याकडे बघायचे. मामा, हे कुठलं गाणं, असं कोणी विचारलं की ते दुखावले जायचे. इतकं गाजलेलं गाणं, शेंबड्या पोरांना पाठ असलेलं, आणि स्टेजवर दर आठवड्याला वाजवणाऱ्या माणसांना ते ओळखता येऊ नये याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. ते पुन्हा एकदा, हळू, गाऊन दाखवायचे. तरीही कोणाला कळायचं नाही. मग डोंबिवलीपासून माजिवड्याच्या पुलापर्यंत ते खिडकीबाहेर बघत गप्प बसून राहायचे. सगळ्या गाडीचा मूड जायचा. शेवटी मालकांनी अंताक्षरीच बंद करून टाकली.

मामा म्हणजे आमचे बेस गिटारवाले. नात्याने ते कोणाचेच मामा नव्हते. मी ऑर्केस्ट्रात आलो तेव्हा सगळे मामा म्हणत होते, म्हणून मीही म्हणायला लागलो. पन्नाशी उलटलेली, अंगाने शिडशिडीत, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. कल्याणला चाळीत राहायचे आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत पंप चालवायचे. मी कीबोर्डवाला. सोमवार ते शुक्रवार विम्याच्या ऑफिसात, शनिवार-रविवार स्टेजवर. वय सव्वीस. ऑर्केस्ट्रा माझ्यामुळे चालतो अशी माझी प्रामाणिक समजूत होती. बेस गिटार म्हणजे दोन तारा कमी पडलेली गिटार, एवढंच मला त्या वाद्याबद्दल माहीत होतं, आणि जास्त माहीत करून घ्यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

मामांचे कान हा एक वेगळाच प्रकार होता. पेटीच्या पट्ट्यांची नावं आपण गाण्याला लावतो, काळी एक, पांढरी चार वगैरे. मामा ती माणसांना लावायचे. कोणी दोन वाक्यं बोललं की ते मनातल्या मनात त्याची पट्टी काढायचे आणि पुढे तेच त्याचं नाव. मी 'पांढरी चार' होतो. आमचे मालक 'काळी दोन, पण ओढूनताणून'. कंपनीतल्या पंपांनाही त्यांनी अशाच पट्ट्या दिलेल्या होत्या. तीन नंबरचा पंप अर्ध्या सुराने उतरलाय म्हणजे बेअरिंग जातंय, असं त्यांनी एकदा साहेबांना सांगितलं. साहेबांनी ते हसण्यावारी नेलं. आठवड्याने पंप बसला. तेव्हापासून साहेब रोज सकाळी त्यांना विचारायचे, की काय, सगळे सुरात ना? हे सांगताना मामांचा चेहरा असा काही फुलायचा, की स्टेजवरच्या टाळ्यांनी तो कधी तसा फुललेला मी पाहिला नाही.

टाळ्यांचं म्हणाल तर त्या त्यांच्या वाट्याला येतच नव्हत्या. आमच्यासारख्या ऑर्केस्ट्रात मध्यंतरापूर्वी वादकांची ओळख करून देण्याची पद्धत असते. निवेदक एकेकाचं नाव घेतो, तो वादक आपली करामत दाखवतो, लोक टाळ्या वाजवतात. मी तर या अर्ध्या मिनिटासाठी आठवडाभर घरी तयारी करायचो. ढोलकीवाला ढोलकी हवेत उडवायचा. निवेदकाने "आणि बेस गिटारवर..." म्हटलं की लोक लीड गिटारवाल्या पोराकडे बघून टाळ्या वाजवायचे, कारण गिटार त्यांना तीच एक दिसायची. तो बिचारा ओशाळून मागे बोट दाखवायचा. आणि मामा काय वाजवायचे, तर एक सूर. एकच. लांबलचक. तो पूर्ण विरेपर्यंत थांबायचे आणि मान डोलवायचे, की हो, लागला. निवेदक घाईघाईने पुढच्या नावाकडे वळायचा.

दिसण्याचं म्हणाल तर तो त्यांचा स्वतःचाच हट्ट. बाकीचे आम्ही चकचकीत जांभळे शर्ट घालून उभे असायचो. मामा घरून एक बुटकं लाकडी स्टूल आणायचे आणि गाणाऱ्या ताईंच्या बरोबर मागे, दीड हातावर, मान खाली घालून बसायचे. प्रेक्षकांना ताईंची साडी दिसायची आणि साडीच्या कडेने गिटारचं एक टोक. मालकांनी परोपरीने सांगून पाहिलं, की उभे राहा, लोकांना कळू दे आपल्याकडे बेस गिटार आहे. मामा म्हणायचे, "लोकांनी गायकाकडे बघावं. त्यांचे पाय माझ्याकडे असले म्हणजे झालं." स्टेजवर चप्पल काढून ती पिशवीत घालून ठेवायचे, ते मात्र देवाधर्मामुळे नाही. टाचेला जास्त ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

कार्यक्रमाआधी आम्ही सगळे चहा पीत असताना मामा लीड गिटारवाल्याला आपली गिटार वाजवायला बसवायचे आणि स्वतः हात मागे बांधून मैदानाला फेरी मारायचे. सगळ्यात शेवटच्या खुर्च्यांच्याही मागे जायचे, वडापावच्या गाडीपाशी. तिथे गाडीच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभे राहायचे. कधी पाण्याच्या ड्रमवर, कधी सोसायटीच्या भिंतीवर. हाताला समाधान वाटेपर्यंत लांबूनच खुणा करायचे. वडापाववाल्यांना वाटायचं महापालिकेचा माणूस आलाय. एकाने तर न मागता दोन वडे बांधून दिले होते. ते मामांनी गाडीत सगळ्यांना वाटले.

आता त्या साडीच्या भानगडीबद्दल सांगायला हवं. आमच्या ताई म्हणजे ऑर्केस्ट्राचा प्राण. चाळिशीतल्या, आवाज खणखणीत, स्वभाव त्याहून. एकदा कल्याणला कार्यक्रम सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी मामा त्यांच्याजवळ गेले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ताई, साडी दोन बोटं वर नेसाल का?"

पुढचं मी सांगायला नको. ताईंनी विंगेत मामांना असं फैलावर घेतलं, की पहिल्या रांगेतले लोक उठून उभे राहिले. आधीच हा माणूस सगळा वेळ माझ्या पायांकडे बघत बसतो, असंही त्यांनी मालकांना ऐकवलं. मालकांनी मामांना खुलासा विचारला. मामा म्हणाले, चुकलं. का म्हणालात, तर नुसतं, चुकलं. ज्या माणसाला मी कधी कोणाकडे नजर वर करून बघताना पाहिलं नव्हतं, तो एवढं ऐकून घेतो आणि एक अक्षर बोलत नाही, हे मला फार विचित्र वाटलं. खरं सांगायचं तर थोडा संशयही आला. पुढच्या कार्यक्रमाला ते आले तेव्हा त्यांच्या स्टुलाचे चारही पाय दोन बोटं कापलेले होते. करवतीच्या खुणा ताज्या होत्या. आम्ही पोट धरधरून हसलो. ताईंनी तीन महिने त्यांच्याशी अबोला धरला.

अशा या माणसाला काढून टाकायचं ठरलं, आणि ते काम माझ्याकडे आलं. म्हणजे मालकांनी तसं म्हटलं नाही. त्यांनी मला चहाला बोलावलं आणि सांगितलं, की आता कार्यक्रम लहान होत चाललेत, गाडी लहान घ्यावी लागणार, एक जागा कमी करायची आहे. बेसचे सूर कीबोर्डमध्येही असतात. डाव्या हाताने तेवढे वाजवलेस तर? दोन महिने घे. मामांना आत्ता काही बोलू नकोस, मी बघतो. मी लगेच हो म्हणालो. दोन हातांनी दोन माणसांचं काम करणारा कीबोर्डवाला, ही कल्पना मला आवडली होती. त्या वयात माणूस असा असतो, किंवा निदान मी तरी होतो.

अडचण एवढीच होती, की डाव्या हाताने नेमकं काय वाजवायचं ते मला माहीत नव्हतं. आणि ते माहीत असलेला एकच माणूस माझ्या ओळखीचा होता. तेव्हा मी निर्लज्जपणे कल्याणला मामांच्या घरी गेलो आणि म्हणालो, की मामा, मला बेस समजून घ्यायचाय. आवड म्हणून.

मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आत बघून म्हणाले, "चहा टाक गं. पांढरी चार आलाय शिकायला."

त्यानंतरचे आठ रविवार मी कीबोर्ड घेऊन त्यांच्याकडे सकाळी गेलो. एक खोली, समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली गिटारची पेटी, आणि मामी दाराशी भाजी निवडत बसलेल्या. मामांचा पहिला नियम माझ्या उजव्या हातासाठी होता. त्या हातात ते बशीभर गरम चहा द्यायचे. बशी काठोकाठ. डाव्या हाताने वाजवायचं आणि चहा सांडायचा नाही. माझा उजवा हात सवयीने पट्ट्यांकडे धावायचा आणि मांडीवर चहा सांडायचा. पहिल्या रविवारी दोन पँटी कामातून गेल्या, त्यातली एक मामांची होती, बदलायला दिलेली. मामी म्हणाल्या, अहो, गार तरी द्या त्याला. मामा म्हणाले, गार चहाने कोणी शिकत नाही.

मी खूप सूर वाजवायचो. ते एकेक काढून टाकायला लावायचे. हा कशाला? हा कोणी मागितला होता? असं करत करत दहा सुरांचे तीन उरायचे, आणि मग म्हणायचे, आता या तिघांना बसायला जागा झाली. घरी जाताना गृहपाठ म्हणून एखादं गाणं द्यायचे, की आठवडाभर ऐक, फक्त खालचं ऐक. मी ऐकायचो. मला गायक ऐकू यायचा, सनई ऐकू यायची, तबला ऐकू यायचा. खालचं काही ऐकू यायचं नाही. खाली काही आहे यावरच माझा विश्वास नव्हता.

मग एकदा बुधवारी सकाळी मी दाढी करत होतो. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये दोन घरांमधली भिंत म्हणजे नुसता उपचार. शेजारच्यांनी रेडिओ लावलेला होता. शब्द कळत नव्हते, चाल कळत नव्हती. भिंतीने सगळं वरच्या वर अडवलं होतं आणि फक्त एक घुमणं माझ्या बाजूला येत होतं. डूं... डूं-डुडूं... डूं. आणि मी आरशात बघून त्या गाण्याचं नाव मोठ्याने घेतलं.

तसाच अर्ध्या गालाला साबण लावून शेजारी गेलो आणि विचारलं, की आत्ता कुठलं गाणं लागलं होतं? तेच होतं. शेजारच्या काकूंना वाटलं आवाजाची तक्रार करायला आलोय. त्या माफी मागायला लागल्या. मी घरी येऊन पलंगावर बसलो. गाडीत मामा इतकी वर्षं हेच गात होते. खरंच गात होते. माझ्या लहानपणापासून ऐकलेल्या प्रत्येक गाण्याखाली कोणीतरी एक माणूस बसलेला होता आणि मी त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष लागलं नाही. सगळी गाणी पुन्हा पहिल्यापासून ऐकायला हवी होती, आणि त्यातच मला हेही आठवत होतं, की मी हे कशासाठी शिकतोय.

हे मामांना सांगायला हवं होतं. रविवारी मी भिंतीचा किस्सा तेवढा सांगितला. त्यांनी मामींना हाक मारून तो मला पुन्हा सांगायला लावला, मग शेजारच्या खोलीतल्या भावाला बोलावून तिसऱ्यांदा. त्यांचे डोळे भरून आले होते. दुसरी गोष्ट माझ्या तोंडातून बाहेर पडली नाही. मला माझीच लाज वाटत होती.

बाळकुमला एका हळदीचा कार्यक्रम होता. जुनं, मोठं घराणं. त्यांची शेतं आणि मिठागरं जाऊन तिथे टॉवर उभे राहिले होते, घरातली माणसंही आता टॉवरमध्ये वर राहायला गेली होती, पण हळद मात्र खाली पटांगणातच, आपल्या मांडवात. या घरातलं प्रत्येक कार्य आम्हीच वाजवायचो. मालकांनी मामांना कळवलंच नाही. मला म्हणाले, आज तुझा डावा हात बघू.

मी वाजवलं, आणि चांगलं वाजवलं. पहिली पाच-सहा गाणी व्यवस्थित गेली. बायका नाचत होत्या, नवरदेवाच्या गालांवरून हळद ओघळत होती, आणि ताईंच्या मागची मोकळी जागा कोणाच्याही लक्षात आली नव्हती. कोणाच्याही म्हणजे अगदी कोणाच्याही. मला आनंद व्हायला हवा होता. मला रागच आला, सगळ्यांचा.

मग नवरदेवाचे मोठे काका स्टेजच्या कडेला आले. पांढरी टोपी, हाताला हळद. त्यांनी मला खुणेने खाली वाकायला लावलं.

"तो खाली बसनारा कं नाय आयला आज?"

तब्येत बरी नाही, असं मी सांगितलं. त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग बराबर. मना वाटला माजंच पाय म्हातारं झालं."

पुढचं गाणं ताईंचं ठेवणीतलं. कुठल्याही कार्यक्रमात त्यावर पैज मारावी असं. पहिला अंतरा झाला, मधलं संगीत झालं, ते जिथे संपतं तिथे मी मामांनी शिकवलेला सूर बरोबर मोजून सोडला आणि पुढच्यावर गेलो. ताई आल्याच नाहीत. त्या आल्या एका मात्रेनंतर. तोवर मी पुढे, ड्रमर माझ्याकडे बघत गोंधळलेला, ढोलकी तिसरीकडेच. दोन ओळी आम्ही सगळे वेगवेगळ्या रस्त्यांनी चालत होतो. ताईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मोजून वाजवलं होतं, चूक त्यांची होती, आणि तरीही त्यांच्या डोळ्यांत जो प्रश्न होता तो बरोबर होता. कसंबसं गाणं शेवटाला नेलं. मांडवातले लोक नाचतच होते. फक्त ते काका खुर्चीवर जाऊन बसले होते.

परतताना गाडीत खारेगावच्या पुढे ताई म्हणाल्या, "इतकी वर्षं गाते मी हे गाणं. तिथे कोणीतरी मला उचलून घेतं असं वाटायचं. आज कोणी घेतलं नाही." मग मालकांकडे वळून त्यांनी सांगितलं, की मामा नसतील तर पुढच्या तारखेला मीही नाही. ज्या माणसाशी त्या धड बोलत नव्हत्या, त्याच्यासाठी. मालकांनी गाडी मोठीच ठेवली. माझ्या आणि मामांच्या मधोमध ढोलकीची पेटी ठेवून आम्ही पुढची कित्येक वर्षं त्याच गाडीने फिरलो.

पण हळदीनंतरचा रविवार सांगायचा राहिला. मी कल्याणला गेलो, दारातच उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. गाडी लहान होणार होती ते, मालकांचा चहा, आठ रविवार, बाळकुम. मामा गिटारच्या तारा पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "माहीत होतं रे. कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस शिकायला येतो तो काय आवड म्हणून?"

मी विचारलं, मग शिकवलंत कशाला?

"तू नाही तर दुसऱ्या कोणाला तरी बसवलं असतं त्यांनी. त्याने काहीही वाजवलं असतं. त्यापेक्षा तू बरा." आणि गिटार पेटीत ठेवत, "आणि सगळं कुठे शिकवलं? एक ठेवलं ना माझ्याकडे. मी काय संत आहे? मलाही गाडीत जागा पाहिजे."

ताईंची ती मात्रा. मी विचारलं, की ते कसं कळतं तुम्हाला? ताई कधी वेळेवर येतात, कधी उशिरा. मामा हसले आणि मामींना चहा टाकायला सांगितला. ते काही सांगणार नाहीत हे मला कळलं. त्या दिवशी चहा कपात मिळाला.

पुढे सहा-सात वर्षं मी त्या जागी कान लावून बसलो. ताई कधी अर्ध्या मात्रेने मागे, कधी पूर्ण एक, कधी अगदी वेळेवर. आणि दर वेळी मामांचा सूर त्यांच्यासाठी थांबलेला असायचा. ते थांबले की ड्रमरही तेवढीच थाप लांबवायचा, मीही नकळत त्यांच्यामागे जायचो, आणि लोकांना वाटायचं गाणं असंच आहे. ताईंनाही तसंच वाटायचं. एप्रिलमध्ये मामा आमच्याकडून सुट्टी घेऊन त्यांच्या वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमांत वाजवायचे. त्या महिन्यात मालक ते गाणं यादीतून काढून टाकायचे. का काढतो ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

मग मामांची बोटं बधिर व्हायला लागली. डॉक्टरांनी मानेच्या मणक्याचं काहीतरी सांगितलं. मामांनी ते मला पंपाच्या भाषेत सांगितलं, की बेअरिंग गेलं. तार दाबली की नाही ते कळत नाही म्हणाले, आणि न कळता वाजवणं काही बरं नाही. मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो तर म्हणाले, ते राहू दे, येत्या कार्यक्रमाला कीबोर्ड दुसऱ्या कोणाला दे आणि माझ्या शेजारी खाली बस.

मी जमिनीवर मांडी घालून बसलो. त्यांच्या त्या कापलेल्या स्टुलाशेजारी. ताईंचं गाणं आलं, मधलं संगीत संपत आलं. मामांनी मला कोपराने ढोसलं आणि हनुवटीने समोर दाखवलं.

ताईंची उजवी टाच. साडीच्या काठाखाली, आमच्या डोळ्यांसमोर. मामांचा सूर थांबला होता. ताई दमल्या होत्या त्या दिवशी. मग टाच जमिनीपासून जेमतेम सुपारीएवढी वर उचलली गेली, मामा पुढच्या सुरावर गेले, आणि ताईंचा आवाज बरोबर त्याच्यावर येऊन उतरला.

साडी दोन बोटं वर. स्टुलाचे पाय दोन बोटं खाली. मला हसू येत होतं. कार्यक्रमानंतर मी विचारलं, की मामा, एवढं सगळं ऐकून घेतलंत, तेव्हाच ताईंना सांगायचं होतं. ते म्हणाले, "तिला कळलं असतं तर तिने टाच मुद्दाम उचलली असती. मग संपलंच की." पुढच्या रविवारी ते डोंबिवलीला आमच्या घरी आले आणि स्टूल ठेवून गेले.

त्यानंतर चार वर्षं मी कीबोर्ड खाली घेऊन त्या स्टुलावर बसून वाजवलं. प्रेक्षकांना वाटायचं कीबोर्ड आपोआप वाजतोय. वादकांच्या ओळखीत माझं नाव आलं की लोक लीड गिटारवाल्याकडे बघून टाळ्या वाजवायचे. पुढे हळदीला डीजे यायला लागले, सोसायट्यांमध्ये लोक मोबाइलवरचं संगीत लावून स्वतःच गायला लागले, आणि आमची गाडी आधी लहान झाली आणि मग बंद झाली. ताईंनी गाणं सोडलं. गुडघे आणि नातवंडं, असं त्या सांगतात.

मामा आता बाळकुमला मुलाच्या फ्लॅटमध्ये असतात, चौदाव्या मजल्यावर. तिथे त्यांनी पहिल्याच महिन्यात लिफ्ट अर्ध्या सुराने उतरल्याचं सोसायटीला कळवलं. कमिटीने मनावर घेतलं नाही. सेक्रेटरी स्वतः सातव्या आणि आठव्या मजल्यांच्या मध्ये पाऊण तास अडकले, तेव्हापासून मामांना विचारल्याशिवाय लिफ्टवाल्याला बोलावत नाहीत. डीजेबद्दल मात्र त्यांचं मत वाईट आहे. खिडक्या हलवणं म्हणजे बेस नाही, म्हणतात, तसं ट्रकही हलवतो.

आणि दर रविवारी सकाळी माझा फोन वाजतो. हॅलो नाही, काही नाही. "डूं... डूं-डुडूं..." मी गाण्याचं नाव सांगायचं. बरोबर आलं की ते "हं" म्हणतात आणि फोन ठेवतात. माझी बायको आधी घाबरायची, आता स्पीकर लावायला सांगते. तिलाही चार-पाच ओळखता येतात. अंताक्षरी आमच्या घरात अशी परत सुरू झाली.

गेल्या रविवारी मात्र मला ओळखता येईना. दोनदा ऐकलं. मामा दुखावले जाणार हे दिसत होतं. त्यांनी तिसऱ्यांदा सुरू केलं, हळू, आणि मध्येच एका जागी सुरावर थांबले. मला वाटलं फोन कट झाला. मग मला जाणवलं, की माझी नजर खाली गेली आहे, फरशीवर, दीड हातावर. तिथे कोणीच उभं नव्हतं.

पलीकडे सूर पुढे सरकला.

"ताईंचं," मी म्हणालो.

"दुसरा अंतरा," मामा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.